डावा हात

पक्षाघाताने माझा डावा हात गेला, तेव्हापासून सून माझी वेणी घालते आणि मी दातओठ खात बसते. बोटं सुटावीत म्हणून नातीने टीव्हीवर अंतराळाचा गेम लावून दिला.

त्या मेल्या अंतराळवीराला पुढे जा म्हटलं की तो गरागरा फिरतो, थांब म्हटलं की यानाच्या भिंतीवर आपटतो.

"आजी, डाव्या अंगठ्याने रिमोटवरची दांडी ढकल ना."

"अंगठा माझं ऐकत असता, तर तुझ्या या खेळण्याला कुणी विचारलं असतं? जा, आईला मदत कर."

ती आत गेली. मी रागाने रिमोट जमिनीवर आपटला. तसा पडद्यावरचा तो सरळ उभा राहिला आणि त्याने डावा हात वर केला.

माझा डावा हात वर गेला.

सहा महिन्यांनी! सुनेला हाक मारणार, तोच त्याने हात खाली घेतला. माझाही खाली आला. पुन्हा उचलू म्हटलं, तर बोटसुद्धा हलेना.

"कुणाच्या हाताशी खेळतोस रे?" मी खेकसले.

तो वळला आणि यानाच्या उघड्या दाराकडे चालू लागला.

त्याला शिव्या घालतच मी सोफ्यावरून उठले. मला उठायचं नव्हतं. समोर आमची पाचव्या मजल्यावरची बाल्कनी उघडी होती.