किशोरचं ताट

गोळी जिभेखाली सरकवून छाया वरून पाणी प्यायली.

"गिळली ना गं?" सासूने, कमळाबाईंनी विचारलं.

"गिळली, आत्याबाई."

आज ती जागी राहणार होती. किशोरला डोळे भरून बघायचं होतं, बाकी काही नाही. नवरा एकाच घरात राहतो आणि त्याचं तोंड दिसत नाही, हा काय संसार झाला!

दसऱ्याच्या झेंडूच्या गडबडीपासून छायाची झोप उडाली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी ही गोळी दिली. गोळी मात्र मोठी मायाळू. दिवेलागणीला घेतली की विहीर, मळा, झेंडूचे वाफे सगळं पाण्यावर तरंगल्यासारखं हलायचं आणि काळजी कुठल्या कुठे पळायची. किशोर यायचा ती झोपल्यावर, आणि उजाडायच्या आत फुलं घेऊन बाजारात जायचा. सकाळी त्याचं खरकटं ताट आणि दोरीवर ओला टॉवेल. एवढाच नवरा तिच्या वाट्याला.

"मला उठवायचं ना," ती रुसायची.

"तो म्हनला, झोपू दे तिला."

कमळाबाईंचा तिच्यावर जीव होता. शेजारच्या मीनाने हळदीकुंकवाला बोलावलं नाही म्हणून छाया रडली, तेव्हा "इसरली आसंल गं ती," म्हणत त्यांनीच तिला जवळ घेतलं. स्वतः मात्र कधी तिच्यासोबत जेवायला बसत नसत. "मी खाते मागून," म्हणायच्या. संध्याकाळी तिच्याकडून झेंडूची एक माळ ओवून घ्यायच्या, देवासाठी. सकाळी देव्हाऱ्यात ती माळ नसायची. पण गोळीच्या धुक्यात छायाला ते कुठलं ध्यानात राहायला!

सासूची पाठ वळताच छायाने गोळी पदरात थुंकली आणि डोळे मिटून पडून राहिली. लग्न ठरल्यासारखी ती आतून हरखली होती.

बराच वेळ काही नाही. मग ताट वाजलं. भाकरी मोडल्याचा आवाज आला. पाण्याचा तांब्या खाली टेकला.

आला! छायाला हसू आवरेना. तिने हळूच डोळे उघडले.

किशोरच्या ताटात कमळाबाई जेवत होत्या. ताट त्यांनी तसंच खरकटं ठेवलं. कोरडा टॉवेल बादलीत बुडवला, पिळला आणि दोरीवर टाकला. मग ट्रंक उघडून किशोरचा फोटो बाहेर काढला, आणि छायाने ओवलेली माळ त्याला घातली.