तिचं उभं राहणं

सिनेमाच्या दिग्दर्शकाचा फोन ठेवला आणि शिवांगीने खोडरबर हातात घेतलं.

चित्रातलं लुगडं त्यांना पसंत होतं. गर्द हिरवा रंग, लाल काठ, घट्ट मारलेला काष्टा, सगळं निजामाच्या काळातलं वाटत होतं. अडलं होतं ते बाईच्या उभं राहण्यावर. भाकरीच्या टोपल्यात काडतुसं लपवून रझाकारांच्या समोरून जाणारी नायिका अशी एका पायावर भार टाकून, मान कलती करून उभी राहील का, असं त्यांचं म्हणणं. ती ताठ हवी. संध्याकाळपर्यंत चित्र बदलून आलं नाही तर काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं.

वेशभूषेचं हे तिचं पहिलंच काम. मुंबईत राहणं झेपेना म्हणून ती हदगावला घरी येऊन चित्रं काढत होती. तिच्या वडलांना, भुजंगरावांना, यातलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. बापलेकीत बोलणं तसं कमीच. शिवांगी रांगायला लागायच्या आधीच तिची आई गेली. लग्नाचे फोटो पैनगंगेच्या पुरात गेले. आई कशी दिसायची, असं लहानपणी ती विचारायची, तेव्हा भुजंगराव बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून बाहेर निघून जात. पुढे तिने विचारणं सोडून दिलं.

आता ते चहाचं विचारायला खोलीत आले आणि चित्रापाशी थबकले. चित्रातल्या बाईला चेहरा नव्हता. कपड्यांच्या चित्रात तो काढत नाहीत. भुजंगरावांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ते हळूच खाटेवर बसले.

"पुसू नको," ते म्हणाले.

हे चित्र दिग्दर्शकाला आवडलं नाही, दुसरं काढावं लागेल, असं तिने सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

"तुझी माय हाय ही. मी शेतातून यायच्या टायमाला दारात अशीच उभी राहायची. एक पाय ढिला सोडून." त्यांचा आवाज खाली गेला. "मी तर तुला कधी काहीच सांगितलं न्हाई. मंग तू तिला कुठं पाह्यलीस?"

चित्रासाठी समोर उभं राहायला कुणी मिळालं नव्हतं. धुरपताआत्याचे गुडघे दुखत होते. म्हणून आत्याचं लुगडं शिवांगीने स्वतःच नेसलं, कपाटासमोर उभी राहिली आणि दिसलं तसं काढलं. पोरगी सगळी बापावर गेली, असंच आजवर सगळे म्हणत आले होते.

तिने खोडरबर खाली ठेवलं. चित्राचा फोटो काढला आणि आहे तसाच दिग्दर्शकाला पाठवून दिला. भुजंगराव अजून तिच्याकडेच बघत होते.

"आरशात, बाबा," ती म्हणाली.