मागच्या दाराची कडी

"झालं. बसली परत," भिमाजी पुटपुटले. समोरच्या झेंडूच्या ढिगाला सांगावं तसं, पण प्रतिभाला ऐकू जाईल अशा बेतानं.

प्रतिभानं मोबाईलवरून मान वर केली नाही. अंगठ्यानं एकेक अक्षर शोधत राहिली.

"लय मोठं वर्तमानपत्र चालवती. वाचतंय कोण?"

"दोघं-तिघं वाचतात, बाबा," सून भाग्यश्री आतून म्हणाली.

"त्यात एक तू. आन् एक ती स्वतः." हातातला हार पाटीत टाकून भिमाजी गुडघा धरत उठले आणि झेंडूला पाणी द्यायला गेले.

मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा. महेशशी लग्न होऊन आली त्याच वर्षी भाग्यश्रीनं सासूला ब्लॉग काढून दिला होता. तेव्हा प्रतिभानं एवढंच विचारलं होतं, "हे कुठूनही दिसतं? आणि वाचणाऱ्याला नाव सांगावं लागत नाही?"

"नाही."

"मग दे काढून."

तेव्हापासून ती लिहायची. शेवंतीवर मावा पडला, शेजारच्या शेळीनं गुलाब खाल्ला, ह्यांचा गुडघा दुखतो पण डॉक्टरकडे जात नाहीत. असलंच काहीतरी. रोज न चुकता.

भाग्यश्रीला मात्र चैन पडत नव्हतं. तिच्या गजऱ्यांच्या रील हजारोंनी पाहिल्या जात, आणि सासूचं इतकं छान लिहिलेलं दोघा-तिघांत अडकलेलं.

"आई, जरा शीर्षकं ओढून घेणारी द्या. 'झेंडू लावताना तुम्हीही ही चूक करता का?' असं."

"लोकांच्या चुका मी कशाला काढू? माझ्या काय थोड्या आहेत?"

"बरं, मग हे तरी काढा." भाग्यश्रीनं सासूचा मोबाईल वाचायला घेतला. "'मागच्या दाराची कडी तुटली ती तुटलीच. जरा ढकललं की उघडतं. दुपारी हे फुलबाजारात असतात, मी मागच्या पडवीत एकटीच हार ओवते.' आई, हे कुणासाठी लिहिलंय? चोरासाठी?"

प्रतिभा हसली. "चोर वाचतात होय ब्लॉग?"

"वाचत असतील तर पत्ता तेवढा टाकायचा राहिलाय!"

"राहू दे गं. छान वाटतं ते वाक्य."

ते वाक्य तसंच राहिलं.

अधिक महिना लागला. लग्नं थांबली, हारांची मागणी घटली. महेशला मात्र सासरचं बोलावणं आलं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं. नवरा-बायको कळवणला गेले आणि डबाभर अनारसे घेऊन आले.

"आईनं यांना काय वाढलं म्हणून सांगू!" भाग्यश्री सगळ्यांच्या ताटलीत अनारसे ठेवत म्हणाली. "आणि विचारत होती, तुमच्याकडे यंदा कुणाला बोलावलंय? मी म्हटलं, आमच्याकडे कुठे कुणाला बोलवायचं असतं."

महेशनं चहात पाहिलं. प्रतिभानं अनारशावरची खसखस बोटानं टिपली. भिमाजी म्हणाले, "गूळ चांगला हाय," आणि ताटली बाजूला ठेवून उठले. त्यांचा अनारसा तसाच होता.

थोड्या वेळानं मागून ठोकाठोक ऐकू आली. प्रतिभा धावत गेली. भिमाजी खाली बसून मागच्या दाराला नवीकोरी कडी बसवत होते. घट्ट, जाडजूड.

"अहो, हे कशाला?"

"लय दिवस राहिलं होतं. कोणीबी यायचं."

"कोण येतंय इथं?"

"तेच तर." त्यांनी कडी दोनदा लावून पाहिली. दार हललं नाही.

संध्याकाळी प्रतिभानं मोबाईल सुनेपुढे धरला. "हे बंद कसं करतात गं?"

"काय?"

"ब्लॉग. पुरे झालं आता."

"असं काय करता आई? माणसं हळूहळूच वाढतात."

"मला माणसं वाढवायची नव्हतीच." प्रतिभानं डोळ्यांत काही गेल्यासारखा पदर लावला. "पण लिहीत राहायचं म्हणजे कधीतरी पोच नको का यायला? विहिरीत बादली सोडतेच आहे, सोडतेच आहे. पाणी लागलं की नाही तेही कळत नाही."

"मी वाचते ना!"

"तू गुणाची आहेस. बंद कर."

भाग्यश्रीनं महेशकडे पाहिलं. महेश म्हणाला, "आई, उद्या बघू."

भिमाजी दारातच उद्याची फुलं निवडत होते. ढिगाकडे बघतच म्हणाले, "बंद कशाला?"

"तुम्हीच तर म्हणता, वाचतंय कोण."

"म्हणायला काय, मी रोजच म्हणतो." ते जरा थांबले. "आन् तो गुडघा डावा. तू उजवा लिहिलाय. दोनदा."

भाग्यश्रीच्या हातातला मोबाईल तसाच राहिला. प्रतिभा नवऱ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही..."

"पोरीनं मनानं लग्न केलं, तवा तिला फोन करायचा नाय म्हणलो होतो मी. तुला माझी शपथ घातली होती. लिहायचं नाय असं कुठं म्हणलो?"

भिमाजींनी एक सुकलेलं फूल उचललं, पाकळ्या चुरगळल्या.

"घे तो मोबाईल. लिही. मागचं दार आता ढकलून उघडायचं नाय." त्यांनी हात झटकले. "सायलीला म्हणावं, बापाच्या घरी पुढच्या दारानं ये. धोंड्याचा महिना सरत आला. जावयाला घेऊन ये."