पुलाला लागलेली फळं

इया दरीवरचा नवा पूल शिगेझो आणि कान्जीनं रानकिवीच्या वेलींचा विणला होता. वेली तोडून, विस्तवावर शेकून वाकवलेल्या. तरी महिन्याभरात कठड्याला बोराएवढी हिरवी फळं लोंबू लागली.

“कान्जी, तुझेच उद्योग ना हे? दोऱ्यानं बांधलीस?” शिगेझोनं डोळे बारीक केले.

“शप्पथ, मी नाही! जा, ओढून बघ.”

शिगेझो पुलाच्या मध्यावर गेला. दोरा कुठेच नव्हता; देठ वाळक्या वेलीतूनच फुटला होता. त्यानं फळ खुडलं.

झोपलेल्या माणसाचा केस उपटावा, तसा अख्खा पूल शहारला.

“हलवू नकोस, मेल्या!”

“मी हातसुद्धा लावला नाही,” काठावरून कान्जी म्हणाला. आवाजातली थट्टा पार गेली होती. “शिगेझो, पाऊल न वाजवता परत ये. पूल कूस बदलतोय.”