पंचवीस मिनिटं

डावी भुवई पुरी झाली होती, उजवी अर्ध्यावर होती, तेवढ्यात खालच्या लाकडी धक्क्यावरून तौनो ओरडला, "इर्मेली! मासे म्हातारे झाले!"

"आले! पाचच मिनिटं!" खिडकीतून ओरडून इर्मेली परत आरशाकडे वळली.

काम पाच मिनिटांचं नव्हतं. भुवई रंगवणं सोपं असतं. रंगवलेली नाही असं दाखवणं अवघड. आधी केसांपेक्षा एक छटा फिकी पेन्सिल घ्यायची. मग एकेक केस उगवल्यासारखी बारीक रेघ, वरच्या अंगाला किंचित झुकलेली. नाकाकडे विरळ, कानाकडे जराशी दाट. शेवटी ब्रशने सगळं इतकं विरवायचं, की आपण काही केलंय हे आपल्यालाही आठवू नये. इर्मेली हे चव्वेचाळीस वर्षं रोज करत आली होती. एवढ्या रियाजात माणूस व्हायोलिन शिकतो.

एकविसाव्या वर्षी, त्या वेळची फॅशन म्हणून, तिने भुवया चिमट्याने उपटून दोऱ्याएवढ्या केल्या. वर्षभरात फॅशन गेली. भुवया मात्र परत आल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ती पेन्सिलीने काढलेल्या भुवया घेऊन तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवात गेली. तिथे ओस्मो भेटला. तीन नाच तो अवाक्षर बोलला नाही. चौथा संपल्यावर तिला बाकापर्यंत पोचवून म्हणाला, "भुवया छान आहेत तुझ्या."

फिनलंडात पुरुष एवढं बोलला, की लग्न ठरल्यातच जमा. ठरलंच.

नवऱ्याने जन्मात केलेली ती एकुलती एक स्तुती, आणि तीही पेन्सिलीची. हे त्याला कळू द्यायचं नाही, एवढंच इर्मेलीने ठरवलं. त्याच्याबरोबर सौनात, त्या वाफेच्या न्हाणीघरात, जायचं नाही, "वाफ मला सोसत नाही." त्याच्या होडीत बसायचं नाही; शिंतोडे उडतात. रात्री तो घोरायला लागल्याशिवाय तोंड धुवायचं नाही. आणि सकाळी साडेसहाला, त्याच्या आधी, उठायचं.

सकाळचं काम ओस्मोच्या झोपेने सोपं केलं होतं. सातच्या आत त्याने कधी डोळा उघडला नाही. तळ्यावरचे बाकीचे पहाटे पाचला जाळी काढायला जात, ओस्मो आठला. तोवर उन्हाने पाणी तापायचं आणि जाळ्यातला मासा मऊ पडायचा. 'ओस्मोचा मासा' मांजराच्या लायकीचा, असं सगळं तळं म्हणायचं. इर्मेलीही चारचौघांत हसायची. "अस्वलसुद्धा एप्रिलमध्ये उठतं हो," म्हणायची. ओस्मो मान डोलवायचा आणि कॉफी ओतून घ्यायचा.

गेल्या मार्चमध्ये, तळं अजून गोठलेलं असताना, तो झोपेतच गेला. कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

त्याच्यामागचा हा पहिला उन्हाळा. तौनो त्याचा धाकटा भाऊ. सांधेदुखीने त्याची बोटं जाळ्याच्या बारीक कामाला वळत नव्हती. "वल्ही मी मारीन, जाळं तू ओढ," असं तो काल म्हणाला, आणि का कोण जाणे, इर्मेली हो म्हणाली.

ती धक्क्यावर पोचली तेव्हा तौनो थर्मासमधली कॉफी पीत बसला होता.

"उशीर झाला," ती म्हणाली.

"छे! पंचवीस मिनिटं. ओस्मो सांगायचा तेवढीच."

इर्मेली जागीच थांबली. "काय सांगायचा?"

"भुवयांना पंचवीस लागतात म्हणून."

पाण्यावर धुकं होतं. एक बदक ओरडून गप्प झालं. "त्याला माहीत होतं?" तिने विचारलं. "कधीपासून?"

"मांडवात भेटलात त्या दिवसापासून. तुझी डावी भुवई त्याच्या कॉलरला लागली होती. आई आठवडाभर तो शर्ट घासत होती. शिव्या तुला, साबण त्याला."

चौथा नाच. म्हणजे बाकापाशी तो ते वाक्य बोलला, तेव्हा तिला एकच भुवई होती.

"मग सकाळी... झोप..."

"कसली झोप? आमच्या घरात पहाटे चारनंतर कुणी कधी झोपलेलं नाही. डोळे मिटून पडून राहायचा गाढव. मी म्हणायचो, अरे, मासे सडतात, गाव हसतं, सरळ ऊठ आणि चालू लाग! तर म्हणायचा, एकदा उठलो होतो. लग्न झालं त्याच आठवड्यात. तू दचकून जागी झालीस आणि हाताने कपाळ झाकलंस म्हणे." तौनोने कपातला गाळ पाण्यात फेकला. "पुन्हा नाही उठला."

चव्वेचाळीस वर्षं एकाने विचारलं नाही, दुसरीने सांगितलं नाही. तळ्यावर याला सुखाचा संसार म्हणतात.

"माझ्याशी तरी बोलायचं," इर्मेली म्हणाली. तौनोने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती परदेशातून आली आहे.

त्याने होडीचा दोर सोडला. होडी ओस्मोच्या हातची, बारा वर्षांपूर्वीची. इर्मेलीने ती आतून आज पहिल्यांदा पाहिली. वल्ह्यांच्या मुठी, कडा, ओस्मोची बसायची फळी, सगळं घासून झिजलं होतं. मागच्या टोकाला आणखी एक फळी होती. तिला पाठ टेकायला पट्टी होती, आणि तिचा निळा रंग नवाकोरा दिसत होता.

"तिथे बस," तौनो म्हणाला. "तुझीच आहे ती. होडी केली तेव्हाच बसवली त्याने."

"रंग लागेल कपड्यांना."

"नाही लागत. बाकीच्या फळ्या दर वसंतात रंगवाव्या लागायच्या," तौनोने वल्ही पाण्यात घातली. "हिला बारा वर्षांत एकदाच."