अंबूबाईंची हाक

महाराष्ट्र होऊन दोनचार वर्षं झाली होती. दर रविवारी अंबूबाई मेहकरहून एस.टी.नं आपल्या मळ्यावर यायच्या. पेरूची झाडं, एक कुत्रा आणि अंगणभर कोंबड्या. राखणदार आठवडाभर दाणा टाकी, पण कोंबड्या धावायच्या त्या फक्त अंबूबाईंच्या हाकेला. त्याचा त्यांना भारी अभिमान.

त्या रविवारी थोरली जाऊ, सुभद्राबाई, मुद्दाम सोबत आली.

"कोंबड्या का शाळेत शिकल्या काय वं तुह्या?"

"पाहाच तुम्ही, जाऊबाई."

अंबूबाईंनी पदरात ज्वारी घेतली, पुढे झाल्या आणि हाकेसाठी श्वास घेतला.

"आऽ ती-ती-तीऽ!"

हाक आली मळ्यावरच्या कुलूपबंद खोलीतून. तोच लाडिक हेल, तोच शेवटी लांबवलेला सूर. कोंबड्या अंबूबाईंच्या पायांवरून तिकडे धावल्या. कुत्राही शेपूट हलवत दाराशी जाऊन बसला.

"मानलं बाई तुले!" मागून सुभद्राबाई म्हणाली. "काय गोड आवाज!"

अंबूबाईंचा ऊर क्षणभर भरून आला. तोंड मात्र त्यांनी अजून उघडलंच नव्हतं.

आत दाणे सांडल्याचा आवाज झाला. मग त्यांच्याच आवाजात, मोठ्या तोऱ्यात, आतून कोणी विचारलं, "पाहिलं ना, जाऊबाई?"

सुभद्राबाई अंबूबाईंना ओलांडून दाराशी गेली आणि हसून म्हणाली, "हाव वं, पाहिलं."