अण्णांचं मत

बागेतल्या कट्ट्यावर मित्रांनी टोपकरअण्णांना पेढा भरवला. इतकी वर्षं पेपरला पत्रं धाडल्यावर अखेर त्यांचं एक छापून आलं होतं: ‘एआयचं स्वागत करू या!’

मथळा वाचून अण्णांना ठसकाच लागला. सुनेला त्यांनी तावातावानं सांगितलं होतं, “लिही, ही यंत्रं माणसाला गिळणार!”

घरी येऊन त्यांनी पेपर तिच्यासमोर आपटला. “हे कोणी लिहिलं?”

“एआयनंच, अण्णा. मी फक्त म्हटलं, यातल्या शिव्या काढ.”

अण्णांनी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मुद्दे पटत होते, हीच पंचाईत होती.

तेवढ्यात पेपरवाल्यांचा फोन आला. नव्या धरणावर त्यांना अण्णांचं मत हवं होतं. अण्णांनी फोनवर हात ठेवला आणि सुनेला हळूच विचारलं, “अगं, त्याला विचार ना, माझं मत काय आहे?”